लिंकेज बेअरिंगचा किट चांगलाय, पण मागवायच्या आधी ढिलाई नक्की कुठंय ते बघा

किट बसवून चाळीसेक तास बाइक चालवली, मग लिहायला बसलोय (लिंकेज म्हणजे मागचा शॉक आणि स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, यांच्यामधले जोडणारे पार्ट). बसवला त्याच दिवशी लिहिणार होतो कारण मागचं चाक उचललं की जो खट् आवाज यायचा तो एकदम गेला होता आणि आनंद खूप झाला होता, पण नवं बेअरिंग पहिल्या दिवशी कुठल्याही कंपनीचं चांगलंच वाटतं, खरी परीक्षा चिखल, पाणी आणि धुणं यातून गेल्यावर होते. ती आता झालीय आणि किट त्यातून नीट बाहेर पडलाय.

किटबद्दल सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट, कारण बरेच जण चुकीचा पार्ट मागवतात, मीही मागवला होता. "मागून बाइक ढिली वाटते" असं म्हणणं म्हणजे डॉक्टरला "अंग दुखतंय" सांगण्यासारखं आहे, त्यावरून औषध ठरत नाही. माझी २५० फोर-स्ट्रोक, लिंकेजवाली, सेकंडहँड घेतलेली. खोल चाकोरीतून जाताना मागचं चाक आपल्या मनाने आडवं सरकायचं, छोट्या उडीनंतर सीटखालून एक ठोका लागायचा, आणि स्टँडवर चढवताना मागचा भाग आधी थोडा मोकळा वर यायचा मग बाइक उचलली जायची. एका गॅरेजमध्ये दाखवली, तिथं सीटवर दोनदा जोरात दाबून बघितलं आणि सांगितलं शॉक गेलाय. शॉक उतरवून सर्व्हिसला दिला, तेल नवं, सील नवे, नायट्रोजन भरून आला. बाइकवर चढवला, मागचं चाक हाताने उचललं, आणि तोच खट्. शॉक खरंच सर्व्हिसला आलेला होता त्यामुळे तो खर्च अगदी पाण्यात गेला असं नाही, पण ज्या आजारासाठी केला तो आजार जसाच्या तसा.

तेव्हा कळलं की शॉक थकणं आणि सांध्यात ढिलाई येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॉकचं डँपिंग (उसळी जिरवण्याची ताकद) गेलं की बाइक खड्ड्यानंतर उसळत राहते, मागचा भाग घोड्यासारखा वरखाली होतो, पण खट् वाजत नाही. रिबाउंडचा क्लिकर (शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा स्क्रू) फार मोकळा सोडलेला असेल तरी असंच होतं, तो आधी बघा, त्याला काही खर्च नाही. सीटवर दाबून डँपिंगचा थोडाफार अंदाज येतो, सांध्यातली ढिलाई मात्र त्याने कधीच कळत नाही, कारण बाइकचं वजन चाकावर असताना सगळे सांधे एकाच बाजूला दाबून बसलेले असतात, मोकळी जागा असली तरी ती मिटलेली असते. चाक हवेत गेलं की ती उघडते आणि जमिनीला टेकलं की पुन्हा मिटते, तो मिटण्याचा आवाज म्हणजे तुमचा ठोका.

म्हणून तपासणी चाक लटकत ठेवूनच करायची. स्टँड इंजिनाखालच्या फ्रेमच्या नळ्यांवर लावा, लिंकेजखाली जॅक लावला तर जे तपासायचंय त्यालाच दाबून धरलंत. आणि एक माणूस सोबत घ्या जो हँडल आणि फ्रेम घट्ट धरेल. हे फार महत्त्वाचंय, कारण चाक हलवलं की अख्खी बाइक स्टँडवर डुगडुगते आणि आपल्याला वाटतं बेअरिंग गेलं. मी पहिल्यांदा एकट्याने बघितलं तेव्हा प्रत्येक सांधा ढिला वाटत होता.

आता मागचा टायर खालून धरून अगदी हलक्या हाताने वर उचला, दोन बोटांनी जमतं तेवढ्या जोराने सुरुवात करा. चाक लटकत असताना शॉक पूर्ण उघडलेला असतो आणि स्प्रिंग प्रीलोडमुळे, म्हणजे आवळून ठेवल्यामुळे, आधीच दाबलेली असते, त्यामुळे ती सहजासहजी हलत नाही. म्हणजे चाक वर जाताना आधी फक्त चाकाचं आणि स्विंगआर्मचं वजन हाताला लागतं आणि मग अचानक भिंत लागल्यासारखी स्प्रिंग लागते. ती भिंत लागेपर्यंत चाक जितकं मोकळं वर आलं तितकी उभी ढिलाई. मी टायरच्या मागे स्टीलची पट्टी उभी धरून मोजलं तर जवळजवळ १२ मिमी भरलं.

इथं घाबरायच्या आधी एक हिशोब समजून घ्या. मोठ्या मोटोक्रॉस बाइकचं मागचं चाक साधारण ३०० मिमी वरखाली होतं आणि शॉकचा दांडा त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी सरकतो, म्हणून शॉकच्या टोकाला एक मिलिमीटर मोकळी जागा असली तर चाकाला ती अडीच-तीन मिलिमीटर होऊन दिसते. लिंकेजमध्ये तीन-चार सांधे, प्रत्येकात कारखान्यानेच सुईभर जागा ठेवलेली, सगळ्याची बेरीज होऊन वर तिला गुणाकार. म्हणून अगदी नव्या बाइकलाही चाकाशी थोडासा प्ले, म्हणजे ढिलाई, असतोच. थोडा प्ले आणि आवाज नाही, तर ग्रीस करून चालवत राहा. पण हाताला स्पष्ट खट् लागत असेल किंवा मागच्या वेळेपेक्षा वाढलेला दिसत असेल तर उघडायची वेळ झाली. म्हणून मी म्हणतो की चांगल्या अवस्थेत असतानाच एकदा मोजून वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार.

ढिलाई आहे हे कळलं, आता कुठंय. सोबतच्याला सांगा की चाक त्याच हलक्या हाताने वरखाली करत राहा, आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवा, असं की बोटाचा अर्धा भाग एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर. शॉकचं वरचं टोक आणि फ्रेम, शॉकचं खालचं टोक आणि रॉकर, रॉकर आणि पुल रॉड, पुल रॉडचं दुसरं टोक, रॉकर आणि स्विंगआर्म (रॉकर म्हणजे लिंकेजमधला फिरणारा तुकडा, पुल रॉड म्हणजे त्याला जोडलेली दांडी, कुठला पार्ट कशाला जोडलाय ते बाइकप्रमाणे बदलतं, रॉकरला कुणी नकल म्हणतं कुणी बेलक्रँक). जो सांधा गेलाय तिथं दोन पार्ट एकमेकांवर सरकतात आणि ते डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. घाई करू नका, एकेका सांध्यावर मिनिटभर द्या. आवाजावर मात्र अजिबात विसंबू नका, फ्रेमच्या नळ्यांतून आवाज फिरतो, खालचा ठोका सीटखाली ऐकू येतो, माझ्या बाबतीत अगदी हेच झालं आणि म्हणूनच सगळ्यांचा संशय शॉकवर गेला.

माझं बोट शॉकच्या वरच्या टोकावर होतं तेव्हा किंचित हालचाल, खालच्या टोकावर जवळपास काही नाही, आणि रॉकर-पुल रॉडच्या सांध्यावर गेलं तर डोळ्याने दिसेल इतकी. रॉकर स्विंगआर्मला लागतो तिथंही होती, जरा कमी.

आडवी ढिलाई वेगळी तपासायची आणि इथं लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. चाक बारा आणि सहाच्या काट्यावर धरून डावी-उजवीकडे हलवलं आणि हललं तर लगेच स्विंगआर्मचं बेअरिंग मागवतात. थांबा. हलवताना दुसऱ्याने चाक आणि स्विंगआर्म यांच्यातल्या फटीकडे बघायचं. फट कमीजास्त होतेय म्हणजे स्विंगआर्म जागेवर आहे आणि चाक हलतंय, मग हबचं (चाकाच्या मधलं) बेअरिंग, अ‍ॅक्सलचा नट किंवा ढिले स्पोक यांतलं काहीतरी. चाक आणि स्विंगआर्म दोन्ही एकत्र हलतायत तर दोष पुढे पिव्हटमध्ये, म्हणजे स्विंगआर्म फ्रेमला जोडलाय त्या सांध्यात. खात्री करायची तर चाक काढूनच टाका आणि स्विंगआर्मचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरून आडवं ढकला-ओढा, चेन उतरवलेली असू दे, ताणलेली चेन स्विंगआर्मला धरून ठेवते आणि ढिलाई लपवते. चाकोरीत मागचं चाक आडवं सरकतं ते बहुतेक वेळा या आडव्या ढिलाईमुळे. माझ्यात दोन्ही होत्या, उभी लिंकेजमधली आणि आडवी हबच्या बेअरिंगमधली, म्हणजे एका तक्रारीमागे दोन वेगळे आजार, आणि शॉक त्या दोन्हींत नव्हता. ब्रेकच्या कॅलिपरचा ब्रॅकेटही स्विंगआर्मवर खडखडतो, तो एका हाताने दाबून धरून आवाज थांबतो का बघा म्हणजे मागे भूत लागत नाही.

आणि कुणी म्हणेल नट आवळा, प्ले जाईल. नाही जात. लिंकेजचा बोल्ट आवळला की तो आतल्या स्टीलच्या कॉलरला दोन कानांमध्ये घट्ट धरतो, बेअरिंगच्या सुया (आतले बारीक रोलर) त्या कॉलरच्या बाहेर फिरतात. कॉलर किंवा सुया झिजल्या असतील तर बोल्ट कितीही आवळा, झिजलेली जागा भरत नाही. बोल्ट खरंच ढिला असेल तर अर्थात आवळायचाच, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, पण जास्त आवळून फक्त आटे जातात.

आता किट. ज्यांच्या बाइकला लिंकेजच नाही त्यांनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल, केटीएमच्या पीडीएसवाल्या बाइकना शॉक थेट स्विंगआर्मला लागतो, त्यांनी शॉकच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं आणि स्विंगआर्मचा पिव्हट बघायचा. होंडाचं प्रो-लिंक, कावासाकीचं युनि-ट्रॅक, सुझुकीचं फुल फ्लोटर ही नावं ज्या काळात आली तेव्हापासून कल्पना तीच आहे, चाक जसजसं वर जाईल तसतसं सस्पेन्शन जास्त कडक होत जावं म्हणून मध्ये रॉकर टाकलाय. फायदा मोठाय, बदल्यात मागच्या चाकाच्या अगदी समोर, चिखल उडतो तिथंच हे सगळे सांधे आलेत.

जुनं उघडलं तेव्हा वाईट वाटलं. रॉकरमधून ग्रीस नाही, विटकरी भुकटी बाहेर आली. सुया हातात घेतल्या तर गोल राहिलेल्याच नव्हत्या, एका बाजूने चपट्या, आणि कॉलरवर सुयांच्या अंतराने रेघा उमटलेल्या, नखाला लागतील अशा. हे असंच होतं कारण ही बेअरिंगं पूर्ण गोल फिरतच नाहीत, थोडं पुढे थोडं मागे एवढंच, त्यामुळे सगळा मार त्याच चार सुयांवर आणि कॉलरच्या त्याच पट्ट्यावर बसतो, ग्रीस बाजूला सारलं जातं आणि परत येत नाही. त्यात प्रेशर वॉशरचा फवारा थेट सांध्यावर मारला की सीलच्या ओठातून पाणी आत जातं आणि आतच राहतं. आधीच्या मालकाने बाइक अगदी चकाचक ठेवली होती. बहुधा त्यानेच घात झाला.

किटमध्ये रॉकर आणि पुल रॉडच्या सांध्यांची निडल बेअरिंगं, नव्या कॉलरी आणि सगळे सील. कॉलरी दिल्यात हे सगळ्यात आवडलं. काही किट फक्त बेअरिंग आणि सील देतात आणि रेघा पडलेल्या जुन्या कॉलरवर नव्या सुया बसवल्या की चार दिवसांत पुन्हा तेच, त्यामुळे मागवताना यादीत कॉलर आहे का ते वाचाच. कॉलरीचं फिनिश गुळगुळीत, सुयांमध्ये ढकलली तर बोटाच्या दाबाने आत गेली आणि हलवून बघितली तर कुठंही डुगडुग नाही. सील दोन ओठांचे, रबर मऊ, जुन्या सीलपेक्षा जाड वाटले. शॉकच्या खालच्या आणि वरच्या टोकाचं बेअरिंग यात नाही, ते वेगळं मागवावं लागतं, आणि पाकिटावर हे अजून ठळक लिहायला हवं होतं.

बसवताना खरा घाम जुनं काढताना निघाला. एक बोल्ट कॉलरमध्ये गंजून एकजीव झालेला, दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहिलो तेव्हा सुटला. हातोडीने थेट बोल्टच्या टोकावर मारू नका, टोक पसरतं आणि मग तो कधीच निघत नाही, नट उलटा चढवून त्यावर पितळी पंच ठेवून मारा. जुनी बेअरिंगं काढायच्या आधी व्हर्नियरच्या मागच्या दांडीने ती कडेपासून किती आत आहेत ते मोजून घ्या. हे मी मोठ्याने सांगतोय कारण किटसोबतच्या कागदावर खोलीचा आकडाच नाही, फक्त एक चित्र आहे. बेअरिंग जास्त आत गेलं की सील खोल बसतो, कमी गेलं की सील बाहेर राहतो आणि पहिल्याच धुण्यात पडतो. माझ्याकडे बाइकचं मॅन्युअल होतं त्यात आकडा होता म्हणून निभावलं, पण किट बनवणाऱ्याला एक ओळ छापायला काय झालं होतं.

बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, रॉकर हीट गनने हात लावला की चटका बसेल इतपत गरम केला, आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कडेच्या मापाची गोटी (सॉकेट) लावून व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. ज्या बाजूला नंबर कोरलाय त्या बाजूने दाबायचं. सरळ जातंय का हे पहिल्या दोन मिलिमीटरमध्येच बघा, तिरकं गेलं तर बाहेर काढून परत सुरुवात करा, पुढे जाऊन सरळ होईल या आशेवर राहू नका, अ‍ॅल्युमिनियमचं भोक खरवडलं की रॉकरच नवा घ्यावा लागतो. सुया पिंजऱ्यात नाहीत, मोकळ्या आहेत, एखादी पडली तर कळतही नाही म्हणून आधी मोजून ठेवा. आतून भरपूर ग्रीस लावलं की चिकटून राहतात. किटमधलं कारखान्यातलं ग्रीस मला फारच पातळ थराचं वाटलं, ते बहुतेक गंज लागू नये एवढ्यापुरतंच असावं, मी पुसून पाण्यात न धुणारं जाड ग्रीस ठासून भरलं. बसवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

सगळं जोडायच्या आधी, शॉक आणि लिंकेज सुटलेलं असताना, स्विंगआर्म हाताने वर नेऊन सोडून बघा. स्वतःच्या वजनाने सरसर खाली यायला पाहिजे, कुठं अडकत किंवा दाण्यावरून गेल्यासारखं लागत असेल तर पिव्हटही उघडा. इतकं सगळं सुटलंच आहे तर ही संधी परत येत नाही. माझा पिव्हट ठीक होता, नुसतं ग्रीस केलं.

फरक विचाराल तर चाकाशी १२ मिमीचे ३ राहिले आणि खट् गेला. पण त्याहून मोठी गोष्ट सॅगमध्ये, म्हणजे वजनाने मागचा भाग किती खाली बसतो त्या मापात, कळली. सॅग मोजताना पहिलं माप आपण चाक लटकत असताना घेतो, म्हणजे सगळी ढिलाई त्या मापात धरली जाते. इतके दिवस मी बसून मोजलं की सॅग जास्त यायचा म्हणून स्प्रिंग आवळत गेलो, शंभर मिमीच्या आसपास आणलं आणि खूश झालो, प्रत्यक्षात स्प्रिंग बसलेली नव्हती, सांधे मोकळे होते. त्यामुळे बाइक एकाच वेळी ढिलीही वाटायची आणि छोट्या खड्ड्यांवर कडकही, आणि हे कोडं मला वर्षभर सुटत नव्हतं. किटनंतर प्रीलोड बराच सोडावा लागला. आता ब्रेक लावताना येणाऱ्या छोट्या खड्ड्यांवर मागचं चाक जमिनीला धरून राहतं, हे मी या बाइकवर पहिल्यांदाच अनुभवतोय. चाकोरीतलं आडवं सरकणं हबचं बेअरिंग बदलल्यावर गेलं, त्याचं श्रेय किटला देणार नाही.

चाळीस तासांनी परत उघडून बघितलं. ग्रीस काळपट झालंय पण जागेवर आहे, विटकरी काही नाही, कॉलर आरशासारखी, एका सीलच्या ओठावर बारीक वाळू होती ती आत गेलेली नाही. धुताना आता फवारा तिथं थेट मारत नाही. साडेचार स्टार देतोय, अर्धा कापलाय तो खोलीचा आकडा नसल्याबद्दल. त्या ३ मिमीपैकी बहुतेक प्ले शॉकच्या वरच्या टोकाला आहे, पहिल्या दिवशी बोटाला किंचित लागला होता तोच, आणि शॉक सर्व्हिसहून आला तेव्हा ते बेअरिंग जुनंच परत आलं होतं. ते मागवलंय, आलं की बसवून परत पट्टी लावून मोजेन आणि आकडा इथं टाकेन.